वस्तऱ्याची पाठ आणि काळी टेप

वस्तऱ्याला धार लावताना त्याच्या पाठीवर टेप चिकटवावी की नाही, हा काही गोव्यातला ज्वलंत प्रश्न नव्हे. म्हादई, खाणी, कॅसिनो आणि प्राथमिक शिक्षणाचे माध्यम यांच्या रांगेत त्याचा क्रमांक बराच मागे लागेल. तरी ज्या थोड्या लोकांना अजून उघड्या पात्याच्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी करण्याची हौस आहे, त्यांच्यात या टेपेवरून दोन तट पडलेले आहेत आणि दोन्ही तट एकमेकांना अडाणी समजतात. मी त्यातल्या एका तटाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. चांगल्या घडणीच्या, रोजच्या वापरातल्या वस्तऱ्याला टेप लावू नये असे माझे मत आहे. आणि ते केवळ दाढीपुरते नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी वस्तरा म्हणजे कोणता ते सांगायला हवे. आज सलूनमध्ये ज्याला वस्तरा म्हणतात तो खरे तर ब्लेड अडकवायचा चिमटा असतो. ब्लेड मधोमध मोडायचे, अर्धे त्यात बसवायचे, गिऱ्हाईक उठले की फेकून द्यायचे. एड्स आणि काविळीच्या भीतीने ही पद्धत रुळली आणि ती योग्यच आहे. दहा जणांच्या गालांवरून एकच पाते फिरवण्याचे दिवस परत यावेत असे मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतो तो जुना वस्तरा, एकसंध पोलादी पात्याचा, शिंगाच्या किंवा सेल्युलॉइडच्या मुठीत मिटणारा. पोर्तुगीजांची 'नावाल्या'. इंग्लंडमधले शेफील्ड, जर्मनीतले झोलिंगेन आणि फ्रान्समधले तिएर ही त्याची माहेरघरे. झोलिंगेनचा दरारा एवढा, की ते नाव पात्यावर कोरण्याचा हक्क १९३८ साली कायदा करून त्या परिसरातल्या मालापुरता राखून ठेवावा लागला.

या हत्याराची खरी करामत त्याच्या पाठीत आहे. घरातल्या सुरीला दगडावर धार लावताना ती किती तिरपी धरायची हे मनगट ठरवते, आणि मनगट जरा डळमळले की धार बोथट गोल होते. वस्तऱ्याचे तसे नाही. त्याची पाठ जाड, धार पातळ, आणि मधला भाग दोन्ही अंगांनी खोलगट घासून काढलेला. तो दगडावर सपाट ठेवला की दोनच जागा दगडाला टेकतात. एक पाठ, दुसरी धार. किती तिरपे धरायचे हे कारागिराने पाठीच्या जाडीतच ठरवून ठेवलेले असते. आपण फक्त धार पुढे ठेवून पाते ढकलायचे, दगड संपला की पाठीवरून कूस बदलायची आणि परत यायचे. (चामड्याच्या पट्ट्यावर नेमके उलट: पाठ पुढे, धार मागे. नाहीतर दाढीऐवजी चामडेच कापले जाते.)

आता टेप. ही म्हणजे कोणती खास टेप नव्हे, वायरमन वापरतो तीच काळी, प्लॅस्टिकची, थोडी ताणली जाणारी. पाठीवर तिचा एक थर लावला की पाठीचे पोलाद दगडाला लागत नाही, फक्त धारच घासली जाते. पाठीवर ओरखडे नाहीत, झीज नाही, वस्तरा कोऱ्यासारखा राहतो. ऐकायला किती छान!

पण पाठीची जाडी म्हणजेच धारेचा कोन, हे एकदा ध्यानात घेतले की गणित बदलते. मी कला शाखेचा, त्यामुळे हा हिशेब मुलीकडून करून घेतला. माझ्याकडच्या वस्तऱ्याचे पाते सोळा मिलिमीटर रुंद आहे आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड. यावरून धारेचा एकूण कोन सोळा अंशांहून किंचित जास्त येतो. टेपेची जाडी साधारण ०.१५ मिलिमीटर. ती दोन्ही अंगांना आली की कोन सव्वासतराच्या आसपास जातो. एका थराने एक अंश वाढला. एवढ्याने काही बिघडत नाही, दाढी होते. खरी गोम पुढेच आहे. वर्षानुवर्षे टेप लावूनच धार लावत गेलो आणि धार एक मिलिमीटर मागे हटली, तर पाते पंधरा मिलिमीटर झाले, पाठ मात्र तेवढीच जाड राहिली. आता टेपेसकट कोन अठराच्या वर गेला. आणखी झिजले की आणखी वाढेल. म्हणजे जिला जपले ती पाठ, आणि बिघडत गेली ती धार. उलट टेप नसती, तर त्या एका मिलिमीटरच्या बदल्यात पाठ दोन्ही अंगांनी मिळून जेमतेम पाव मिलिमीटर झिजली असती आणि कोन जिथल्या तिथे राहिला असता. दगडावर दोघी बरोबर टेकतात, म्हणून दोघी बरोबर झिजतात. पाठीची झीज हा दोष नव्हे, ती या हत्याराच्या रचनेतच धरलेली आहे. झोलिंगेनच्या कितीतरी नव्या कोऱ्या पात्यांच्या पाठीवरही भिंग लावून पाहिले तर बारीक चकचकीत पट्टी दिसते. ती कारखान्यातल्या पहिल्या धारेची खूण असते.

हेच मला फार कमी शब्दांत ऐकायला मिळाले ते आमच्या डिचोली तालुक्यातल्या एका वृद्ध नाभिकाकडून. घराघरांत जाऊन, अंगणातल्या पाटावर गिऱ्हाईक बसवून हजामत करणाऱ्या पिढीतले ते शेवटचे. मुलगा शहरात सलून चालवतो, वातानुकूलित. काकांची धोकटी अजून खुंटीला आहे. आत दोन वस्तरे, एक कैची, तुरटीचा खडा आणि मधोमध खोलगट झालेला निसणा. वस्तऱ्यांपैकी एक इतका झिजलेला, की पाते मूळच्या निम्मेसुद्धा उरलेले नाही, आणि पाठही त्याच मानाने बारीक झालेली. मी टेपेची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना आधी ती कळेचना. टेप कशाला, वस्तरा मोडलाय का, असे त्यांनी विचारले. मी समजावून सांगितले. मग म्हणाले, "बाब, धार झरता तशी फाटूय झरूंक जाय." धार झिजते तशी पाठही झिजायला हवी. यात अध्यात्म काही नाही, हे शुद्ध भूमितीचे विधान आहे. पण चाळीस वर्षे रोज दगडाला पाते टेकवल्याशिवाय ते एवढे सहज तोंडातून येत नाही.

टेपवाल्यांचा इतिहासही जरा गमतीचा आहे. ही प्लॅस्टिकची काळी टेप अमेरिकेत १९४६ च्या सुमारास आली. जिलेटच्या बदलत्या ब्लेडच्या रेझरला पेटंट मिळाले ते १९०४ साली, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात तो गेल्यावर जुन्या वस्तऱ्याची सद्दी संपत आली. म्हणजे वस्तऱ्याचा सगळा भरभराटीचा काळ उलटल्यावर ही टेप जन्माला आली. ज्या लोकांच्या पोटापाण्याचा प्रश्न वस्तऱ्यावर होता, त्यांनी ती कधी वापरली नाही, कारण ती नव्हतीच. टेपेची चाल पडली ती वस्तरा हे हत्यार न राहता संग्रहातली वस्तू झाल्यावर. संग्राहकाला पाठीवरचा ओरखडा सलतो, कारण त्याने किंमत उतरते. न्हाव्याला सलत नव्हता, कारण त्याची किंमत धारेवर ठरत होती. मला वाटते, भांडणाचे मूळ इथे आहे. दोघे एकाच वस्तूकडे बघत आहेत, पण एकाला ती विकायची आहे आणि दुसऱ्याला तिने दाढी करायची आहे.

मी ज्या कार्यालयात काम करतो तिथे हे रोज वेगळ्या रूपात दिसते. लोक जुनी कागदपत्रे घेऊन येतात. कुणी विक्रीखत लॅमिनेट करून आणलेले असते, वर्षानुवर्षे टिकावे म्हणून. आता त्याच्या पाठीवर शेरा मारायचा कसा आणि शिक्का उठवायचा कुठे? कुणी फाटलेल्या पोर्तुगीजकालीन कागदाला आडवीतिडवी सेलोटेप लावलेली असते. दहा-पंधरा वर्षांनी टेप गळून पडते, तिचा गोंद मात्र कागदात मुरून पिवळा-तांबडा डाग उरतो आणि नेमके त्या डागाखालचे सर्व्हे नंबर वाचता येत नाहीत. लावणाऱ्याचा हेतू निर्मळच असतो. कागद हा बघण्यासाठी नसून वाचण्यासाठी असतो, एवढेच त्याच्या ध्यानातून गेलेले असते.

माझ्याकडचा वस्तरा आजोबांचा. नाकेबंदीच्या काळात युरोपातला माल मुरगाव बंदरातून गोव्यात उतरत होता, त्या दिवसांत त्यांनी तो घेतला असे घरात सांगतात. पात्यावर झोलिंगेन कोरलेले आहे. आजोबांनी वापरला, नंतर काही वर्षे बाबांनी, मग तो कपाटात गेला. त्याच्या पाठीवर झिजेची पट्टी आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. मुठीकडे रुंद आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली. काकांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरून डोळा बारीक केला आणि सांगितले की धार लावणारा माणूस मुठीकडे जोर देत होता, टोक जरा हलकेच ठेवत होता. आजोबांना मी पाहिलेले नाही. त्यांचा एकच फोटो आहे, तोही कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेतला. पण सकाळी माजघराच्या उजेडात बसून ते दगडावर हात कसा टाकत, हे त्या पट्टीत उतरलेले आहे. त्यांनी टेप लावली असती तर पाठ आज आरशासारखी असती आणि मला त्यांच्या हाताबद्दल काहीही कळले नसते.

आता यावर टेपवाल्यांचे उत्तर तयार असते, आणि ते चुकीचे नाही. ते म्हणतात, ही वेडीवाकडी झीज म्हणजे वाईट हाताचा पुरावा. जोर देऊन दाबणारा माणूस पाठीची वाट लावतो, टेप असली तर निदान पाठ वाचते. खरे आहे. बाजारात येणाऱ्या जुन्या वस्तऱ्यांच्या कित्येक पाठी खरोखरच खाल्ल्यासारख्या असतात. पण दाबून घासणाऱ्याच्या हातून टेप लावल्यावर तरी काय व्हायचे? पाठ वाचेल, धार त्याच जोराने खाल्ली जाईल. वस्तऱ्याला दगडावर स्वतःच्या वजनाहून फारसा भार लागत नाही, हे शिकणे हाच त्यावरचा इलाज आहे. टेप ते शिकू देत नाही, कारण बिघडलेले दिसतच नाही.

आमच्या घरात हा वाद निराळ्या अंगाने चालू आहे. थोरल्या भावाला, दादाला, तो वस्तरा काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायचा आहे. मी त्याने दाढी करतो याचे त्याला नवल वाटते, पण मी त्याला दगड दाखवतो याचा मात्र राग येतो. "तू आजोबांची वस्तू घासून संपवतो आहेस," असे तो चतुर्थीला सगळ्यांसमोर म्हणाला. टेप तरी लाव, ही त्याची तडजोड. त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. गेलेले पोलाद परत येत नाही, हे अगदी खरे. पण किती जाते? रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवले तर दगडाची गरज वर्षातून दोनदा किंवा तीनदा पडते, तीही सर्वांत मऊ, आठ हजार नंबरच्या दगडावर पंधरा-वीस हात. त्याने एक मिलिमीटर झिजवायला माझी हयात पुरायची नाही. काकांचा वस्तरा निम्मा झाला तो रोज कितीतरी हनुवट्या करून. माझी हनुवटी एकच आहे. आणि काचेत गेलेला वस्तरा आमच्या हवेत टिकतो हा दादाचा गैरसमज आहे. ते कार्बनचे पोलाद, स्टेनलेस नव्हे. जून-जुलैच्या दमटीत पंधरा दिवस हात लागला नाही तर तांबूस ठिपके उमटतात. मी वापरतो म्हणून तो रोज पुसला जातो आणि पावसाळ्यात त्याला शिवणयंत्राचे तेल लागते. (खोबरेल लावू नये, ते चिकट होऊन बसते.) टेप लावून ती तशीच विसरली तर तिच्या कडेला ओल अडकते आणि गंज नेमका तिथूनच धरतो. दादाला हे पटलेले नाही. वस्तरा सध्या माझ्याकडे आहे, एवढेच.

टेप कधीच वापरू नये असे मात्र मी म्हणत नाही. शेफील्डचे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले वस्तरे पाचरीसारखे असतात, मधला भाग फारसा खोलगट नाही. असे पाते दगडावर ठेवले की पाठीपासून धारेपर्यंत बराच भाग टेकतो आणि तासन्‌तास घासूनही धारेला दगड नीट लागत नाही. तिथे एक-दोन थर टेप लावल्याशिवाय गत्यंतर नाही. पाठीवर सोन्याचे पाणी किंवा नक्षी असेल तर तिथेही लावावी; नक्षी करणाऱ्याने ती घासण्यासाठी केली नव्हती. धारेला टवका गेला असेल आणि हजार नंबरच्या खरखरीत दगडावर ती बरीच मागे न्यायची असेल, तर तेवढ्या कामापुरती टेप समजू शकते, पण शेवटचे हात टेप काढून, पाठ टेकवूनच पुरे करावेत.

मात्र ज्याला लावायची त्याने कायम लावावी. आज टेप, उद्या उघडी पाठ, परवा दोन थर, असे केले की काय होते ते पाहायचे असेल तर धारेच्या कडेला दोन्ही अंगांनी मार्कर पेनची रेघ ओढावी. टेप लावून घासलेल्या वस्तऱ्याची टेप काढा आणि दगडावर चार हात मारा. शाई धारेच्या जरा मागे पुसली जाते, अगदी कडेला मात्र तशीच राहते. म्हणजे दगड धारेपर्यंत पोचलाच नाही. माणूस तासभर घासतो, धार येत नाही, आणि दोष दगडाला देतो. उलट बाजूने, उघड्या पाठीवर लावलेल्या धारेला शेवटी एक थर टेप लावून पाच-सहा हलके हात दिले तर फक्त कडेलाच दगड लागतो. काही जाणकार हे मुद्दाम करतात आणि त्यात चूक काही नाही, पुढच्या वेळी आपण काय केले होते ते आठवले म्हणजे झाले.

टेपेवरून मला सर्वांत जास्त हळहळ वाटली ती मडगावच्या एका स्नेह्यांच्या वस्तऱ्याची. तोही आजोबांचाच. त्यांनी तो धार लावण्यासाठी गोव्याबाहेरच्या एका व्यावसायिकाकडे पाठवला. पाठीला टेप लावून एकही ओरखडा न येऊ देता धार लावली जाईल, असे आश्वासन होते. आश्वासन पाळले गेले. नंतर शोभेसाठी वस्तरा पॉलिशच्या चाकावर धरला गेला. परत आला तेव्हा असा लखलखत होता, की त्यात तोंड पाहून दाढी करावी! फक्त पात्यावरचे कारखान्याचे नाव आणि पाठीवरची साठ-सत्तर वर्षांची पट्टी, दोन्ही पुसली गेली होती. धार उत्तम होती, हे मान्य केलेच पाहिजे. स्नेही खूश आहेत. मी त्यांना काही बोललो नाही.

मागच्या महिन्यात आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने त्याच्या सासऱ्यांचा वस्तरा आणला. पाठीवर सोन्याचे पाणी, अजून बरेचसे शाबूत. सासऱ्यांनी तो वापरलेला दिसत नाही, पेटीतच ठेवलेला असावा. जावयाला मात्र रविवारी वापरायचा आहे. मी त्याला टेप लावूनच धार लावून दिली, दगड बदलताना दरवेळी टेपही बदलली, आणि शेवटी गोंदाचा माग रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढला. फाइलवर टिपणी लिहिण्याची सवय अशी सहज सुटत नाही, त्यामुळे पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'पाठीला टेप, एक थर. पुढच्या वेळीही एकच थर लावावा. पावसाळ्यात तेल.' खाली तारीख घातली आणि सही केली.